चहाच्या वाटेने, पण उलटं: कोची आणि मुन्नार

खानदेशात चहा उकळतात, नुसता करत नाहीत. पाणी, साखर, ठेचलेलं आलं, असली तर गवती चहाची पात, मग पत्ती, मग दूध. आणि उकळी दोन-तीनदा वर येऊन खाली बसली की मगच गाळणी हातात घ्यायची. मे महिन्यात पारा ४४ वर असला तरी भुसावळच्या फलाटावर आणि धुळ्याच्या बसस्थानकाबाहेर हे पातेलं गॅसवरून उतरत नाही. त्यात पडणारी पत्ती म्हणजे काळे गोल बारीक दाणे, ज्याला किराणा दुकानदार ममरी म्हणतात, नाहीतर त्याहून बारीक डस्ट. त्या दाण्यात पानाचा आकार कुठेच उरलेला नसतो. रावेर-यावलच्या माणसाला केळीचा घड पाहून बाग किती महिन्यांची, पाणी कुठे कमी पडलं, हे सांगता येतं. रोज चारदा पोटात जाणाऱ्या चहाबद्दल मात्र तोच माणूस गप्प असतो, कारण ते पीक आपल्या नजरेच्या टप्प्यात कुठेच नाही.

कोची आणि मुन्नार ही जोडसहल सहसा ‘दोन दिवस समुद्र, दोन दिवस थंड हवा’ अशी विकली जाते. ती तशीही छान होते. पण ह्या दोन जागा एका धंद्याने एकमेकींना बांधलेल्या आहेत. मुन्नारच्या उतारावर खुडलेलं पान कारखान्यात दाणा होतं, गोणीत भरतं, घाट उतरून कोचीला येतं, आणि तिथे विलिंग्डन बेटावरच्या चहाच्या लिलावात विकलं जातं. हा लिलाव १९४७ पासून चालू आहे आणि त्यात डस्टचा वाटा नेहमीच मोठा राहिला आहे. म्हणजे आपण ज्या दाण्यावर वाढलो त्याचा बाजार समुद्राकाठी आणि झाड डोंगरावर. सहल ह्या वाटेने उलट चढत नेली, आधी बंदर, मग घाट, मग मळा, तर प्रत्येक वळणावर काहीतरी उलगडत जातं. माझं मत ठाम आहे: आधी मुन्नार आणि मग कोची असा क्रम लावू नये. वरून खाली आलं की कोचीचा दमटपणा फक्त छळतो.

जायचं कसं, हा प्रश्न खानदेशाला फार सोपा आहे आणि तरी पुष्कळांना माहीत नसतो. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ आणि जळगाव ह्या दोन्ही ठिकाणी थांबते. साधारण साडेसोळाशे किलोमीटर, गाडी बदलायची गरज नाही. जळगावात रात्री बसायचं, दुसरा अख्खा दिवस कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटरमध्ये जातो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एर्नाकुलम जंक्शन. ह्या शहराला दोन मोठी स्थानकं आहेत, जंक्शन म्हणजे साउथ आणि टाउन म्हणजे नॉर्थ. हॉटेल घेताना कोणत्या स्थानकाजवळचं ते बघून घ्यावं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात आणि सुटायच्या वेळाही सरकतात, म्हणून जून ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याने जुनं वेळापत्रक धरून बसू नये. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी पश्चिमेची. समुद्र फारसा दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दिसतात ते नद्यांचे रुंद पूल, बोगदे, आणि रत्नागिरीजवळ पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल.

शिदोरीला दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. दशम्या दोन दिवस नक्की टिकतात. कळण्याची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते आणि कोकणात शिरल्यावर दमट हवेने पुन्हा वातड. बट्ट्या तुपात तळून नेल्या तर उत्तम, पण वरण नेऊ नये. डब्यातलं वरण रत्नागिरीच्या आत आंबतं.

वारांचं गणित मात्र बसवावं लागतं, आणि बहुतेकांची सहल इथेच फसते. कोचीतला मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. तिथून पाच मिनिटांवरचं १५६८ सालचं ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद. मुन्नारचं चहाचं संग्रहालय सोमवारी बंद. आणि रविवारी मळ्यांना सुट्टी, म्हणजे खुडणी बघायला मिळत नाही. ह्या सगळ्यातून एक सरळ वाट निघते: सोमवारी रात्री जळगावहून निघायचं, बुधवारी सकाळी कोची, गुरुवारी दुपारी घाट चढायचा, शुक्रवार-शनिवार मळ्यात, रविवारी खाली उतरायचं, सोमवारी परतीची गाडी, मंगळवारी जळगाव. परतीच्या गाडीआधीची रात्र आलुवा किंवा एर्नाकुलमलाच काढावी. ‘सकाळी लवकर निघू, पोचू’ ह्या हिशेबावर मुन्नारहून थेट गाडी पकडायला जाऊ नये. घाटात एक झाड आडवं झालं किंवा सुट्टीची रांग लागली की चार तासांचे सात होतात.

कोचीत पहिली गोष्ट अंगाला कळते. आपल्याकडे ४४ अंशांत घाम येतो आणि तत्क्षणी वाळतो. रुमालाने डोकं-कान बांधले की माणूस काम करतो. इथे ३२ अंशच असतात, पण घाम वाळत नाही. आपला कानाभोवतीचा बागायती रुमाल इथे उलटा त्रास देतो. सैल सुती कपडे, आणि धुतलेला कपडा रात्रीत सुकेल ह्या भरवशावर कमी जोड नेऊ नयेत. जेवणाच्या हॉटेलात समोर कोमट गुलाबी पाणी आलं तर ते गढूळ नाही. पतंगाच्या झाडाचं लाकूड, तिथलं पतिमुखम, घालून उकळलेलं पाणी आहे, आणि नीट उकळलेलं असेल तर प्रवासात पोटाला सुरक्षित. भात जाड लालसर मट्टा तांदळाचा असतो, तो पचायला वेळ घेतो. पहिल्या दिवशी पोटभर खाऊ नये. भाकरीच्या माणसाला सकाळी पुट्टू आणि कडला, म्हणजे नळीत वाफवलेला तांदळाचा रवाळ लोड आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, जास्त मानवते. शाकाहारी असाल तर ‘प्युअर व्हेज’ पाटी बघूनच आत शिरावं. आणि सगळं खोबरेल तेलात असणार हे मनाने आधीच मान्य करावं.

चहा मागताना एक शब्द लक्षात ठेवावा. बिनसाखरेचा हवा असेल तर केरळात नुसतं ‘विदाउट’ म्हणतात, टपरीवालाही तेच म्हणतो. दुधाशिवायचा तो कट्टन चाया. दुधाचा चहा आपल्यासारखा एका पातेल्यात उकळत नाहीत. कापडी पिशवीतल्या डस्टवर उकळतं पाणी ओतून गडद अर्क काढतात, दूध वेगळं तापलेलं असतं, आणि मग हातभर उंचीवरून ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतून फेस आणतात. डस्ट इतकी बारीक का लागते ते इथे उभं राहिलं की समजतं. पाणी पिशवीतून काही सेकंदांत खाली येतं. तेवढ्यात रंग सोडायला दाणा पिठासारखाच हवा.

फोर्ट कोचीला जायला रिक्षा करू नये, बोटीने जावं. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सरकारी बोट जाते, आणि हायकोर्ट जेट्टीवरून २०२४ पासून वॉटर मेट्रो. बोटीतून विलिंग्डन बेट दिसतं, ते नीट बघावं, कारण त्याचा बहुतेक भाग नैसर्गिक नाही. कोचीच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, मोठी जहाजं आत येऊ शकत नव्हती. १९२० च्या दशकात रॉबर्ट ब्रिस्टो ह्या अभियंत्याने तो उपसायला घेतला आणि उपशाच्या गाळानेच हे बेट वाढवलं. १९२८ साली पहिलं मोठं जहाज आतल्या बंदरात शिरलं. ह्या सालाला धरून ठेवा, वर मुन्नारला ते पुन्हा लागणार आहे. त्याही आधीची गोष्ट म्हणजे कोचीचं बंदरच मुळात पुराने दिलेलं आहे: १३४१ साली पेरियार नदीच्या मोठ्या पुरानंतर उत्तरेकडचं जुनं मुझिरिस बंदर गाळाने बुजलं आणि कोचीची खाडी उघडी झाली, असं इतिहासकार मानतात. आणि आपण नंतर घाट चढतो तो हीच पेरियार ओलांडून.

चिनी जाळ्यांपाशी सगळे सूर्यास्ताला जातात. फोटोला तेच बरं, पण जाळं कसं चालतं हे बघायचं असेल तर सकाळी सहा-सातला जावं. सागाच्या आणि बांबूच्या वाशांची ती मोठी तराजूच असते. एका टोकाला पसरलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांवर लटकवलेले दगड. एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने तोल जातो आणि जाळं पाण्यात बुडतं. काही मिनिटांनी चार-पाच जण दोर ओढतात, दगड एकामागून एक खाली टेकतात आणि जाळं वर येतं. दगड वेगवेगळ्या लांबीच्या दोरांवर का, तर जाळं जसजसं पाण्याबाहेर येतं तसतसं त्याचं वजन बदलतं, आणि एकेक दगड टेकून तेवढाच भार कमी होत जातो. मोटेवर बैल हाकलेल्या माणसाच्या वंशजाला हे समजावून सांगावं लागत नाही. मासळी कमी आली तर नशिबाला दोष देऊ नये. एक मोठं कारण जलपर्णी असतं: पावसानंतर ती वेंबनाडच्या बॅकवॉटरमधून वाहत येते, जाळ्यात अडकते, वजनाने वासे वाकवते. तापी-गिरणाकाठच्या माणसाच्या ओळखीचंच हे संकट.

मट्टनचेरीच्या मसाल्याच्या गल्ल्यांत खरेदी करायची तर जाताना करू नये, परतीच्या रविवारी करावी, एवढंच आधी सांगतो. कारण पुढे येईल.

गुरुवारी दुपारी बारापर्यंत निघावं. कोची ते मुन्नार सुमारे १३० किलोमीटर, चार ते पाच तास. एर्नाकुलम आणि आलुवाहून केएसआरटीसीच्या, म्हणजे केरळच्या सरकारी, बस आहेत. गाडी केली तर चालकाला अंधाराआधी अडिमाली गाठायला सांगावं. कोदमंगलमपर्यंत रस्ता जवळपास सपाट. नेरियमंगलमला १९३५ सालच्या कमानीच्या पुलावरून पेरियार ओलांडली की जंगल आणि वळणं सुरू. चाळीसगावचा कन्नड घाट ज्याला लागतो त्याला हा नक्की लागणार, कारण हा त्याच्या कितीतरी पट लांब आहे. निघण्याआधी तळलेलं खाऊ नये, पुढच्या सीटवर बसावं, मोबाइलमध्ये डोकं घालू नये, आणि गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-एक तास. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

ह्या रस्त्यावर डोळे उघडे ठेवावेत, कारण उंची पिकांनी लिहिलेली आहे. आपल्याकडे तापीकाठची केळी, वर कपाशी-ज्वारी, त्याच्यावर सातपुड्याचं रान असे पट्टे आहेत, तसेच इथेही आहेत, फक्त प्रत्येक पट्टा हिरवा. खाली मुवाट्टुपुळाच्या बाजूला अननस आणि रबर. रबराच्या प्रत्येक खोडावर तिरका काप आणि खाली वाटी. नेरियमंगलमनंतर जंगल. अडिमालीच्या आसपास कोको, जायफळ, झाडांवर चढलेली मिरी. मग दाट सावलीखाली वेलदोडा. आणि त्यानंतर एका वळणावर झाडं एकदम मागे सरतात आणि उतारावर कापून काढल्यासारखा चहा येतो. मुन्नार गाव सुमारे १५०० ते १६०० मीटरवर आहे. आपल्या तोरणमाळाची उंची साधारण ११५० मीटर. हवा दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून कोचीत ३२ असताना वर २२ असतं, आणि हिवाळ्यात रात्री थेट दहाच्या खाली.

मुन्नार म्हणजे मून्नु आरु, तीन नद्या: मुदिरापुळा, नल्लतण्णी आणि कुंडला. १८७७ साली जॉन डॅनियल मन्रो ह्याने पूंजारच्या राजाकडून हे कन्नन देवन डोंगर पट्ट्याने घेतले, आणि १८८० च्या सुमारास ए. एच. शार्पने पार्वती मळ्यात पहिला चहा लावला. चहा पिकला, पण उतरवायचा कसा? कोचीचा हा रस्ता तेव्हा नव्हता. मग बैलांनी ओढायची एका रुळाची गाडी आली, १९०८ पासून तिच्या जागी दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे. पाचोरा-जामनेरची आपली पीजे अडीच फुटी, म्हणजे ही त्याहून चिंचोळी. ती गोण्या टॉप स्टेशनला न्यायची, तिथून रोपवेने माल तमिळनाडूच्या बाजूला खाली, मग बोडिनायकनूर, मग तुतिकोरिनचं बंदर. टॉप स्टेशन हे नाव आज दरीचा देखावा बघायला जाणाऱ्यांच्या तोंडी असतं. ते मालाच्या त्या रेल्वेचं वरचं स्टेशन होतं. जुलै १९२४ च्या महापुराने ती रेल्वे वाहून नेली आणि पुन्हा कधी बांधली नाही. आता खालचं साल आठवावं. १९२४ ला डोंगरावरची वाट तुटली, १९२८ ला कोचीच्या आतल्या बंदरात जहाज आलं, १९३५ ला नेरियमंगलमचा पूल झाला, १९४७ ला लिलाव. तेवीस वर्षांत चहाने आपलं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवलं. मुन्नारच्या त्या जुन्या रेल्वे स्टेशनाची इमारत आजही मळ्याच्या कंपनीचं कार्यालय म्हणून वापरात आहे.

शुक्रवारी सकाळी आठला मळ्याच्या रस्त्यावर असावं. खुडणी तेव्हा जोरात असते. रांगांच्या आत न विचारता शिरू नये. फवारणी झालेली असू शकते, पावसानंतर जळवा असतात, आणि मुख्य म्हणजे ते कोणाचं तरी काम चालू असतं, वजनावर मोजलं जाणारं. ठरलेल्या किमान वजनाच्या वर किलोमागे वेगळे पैसे मिळतात, त्यामुळे फोटोसाठी थांबवलेली पाच मिनिटं बाईच्या मजुरीतून जातात. खुडणाऱ्या बहुतेक बायका पिढ्यान् पिढ्या तमिळ बोलणाऱ्या कुटुंबांतल्या. राहतात त्या लयममध्ये, म्हणजे मळ्यातल्या एका ओळीच्या खोल्यांत. सप्टेंबर २०१५ मध्ये ह्याच बायकांनी बोनस आणि मजुरीसाठी ‘पेम्बिळै ओरुमै’ म्हणजे स्त्रियांची एकी ह्या नावाने, प्रस्थापित युनियनच्या पुढाऱ्यांना बाजूला ठेवून संप केला आणि रस्ता अडवला. आणि ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री राजमलाजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळून लयमच्या ओळी गाडल्या गेल्या, ७० माणसं गेली. हिरव्या गालिचाच्या फोटोत ह्या खोल्या बहुधा चौकटीबाहेर राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुन्नारला जाऊ नका असं मी म्हणतो त्याचं कारणही तेच: ज्या उतारावर चहाला पाणी साचत नाही म्हणून तो तिथे लावला, तोच उतार अतिवृष्टीत सुटतो.

चहा हे मुळात झाड आहे. सोडून दिलं तर पुरुषभर नव्हे, घराएवढं वाढेल. दर चार-पाच वर्षांनी खोलवर छाटून आणि सतत खुडून त्याला कमरेएवढं सपाट ठेवतात, म्हणजे हात पोचतो. शेंड्याची कळी आणि तिच्याखालची दोन पानं एवढंच घ्यायचं; सात ते चौदा दिवसांनी पुन्हा त्याच झुडपाकडे. उशीर झाला की तिसरं-चौथं पान जून होतं, देठ लाकडासारखा होतो, आणि चहात तंतू येतो. आता पुष्कळ ठिकाणी पेटी लावलेल्या कात्रीने कापतात. काम झपाट्याने होतं, पण जून पानही पेटीत पडतं. मध्ये मध्ये उभे दिसतात ते सिल्व्हर ओक, सावलीला, आणि अनेकदा त्यांच्यावर मिरी चढवलेली.

केळीवाल्याने इथली माती हातात घ्यावी. चहाला सामू साडेचार ते साडेपाच लागतो, म्हणजे आंबट माती. आपली काळी कसदार जमीन साडेसात-आठच्या घरात, चुनखडीची, पाणी धरून ठेवणारी. केळीला ठिबकवर ती सोन्यासारखी, चहाला विष. शिवाय चहाला वर्षभर पाऊस हवा पण मुळाशी पाणी नको, म्हणून उतार. थंडीचं मात्र दोघांचं दुखणं सारखं आहे. जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. मुन्नारला त्याच दिवसांत खोलगट जागी हिमकण पडतात आणि कोवळा शेंडा भाजल्यासारखा तपकिरी होतो. थंड हवा जड असते, ती खाली साचते. म्हणून टेकडीचा माथा हिरवा आणि तळाचा पट्टा करपलेला, असं एकाच मळ्यात दिसतं. पावसाळी धुक्यात पानावर फोड आणणारी बुरशी येते, तिच्यासाठी फवारणी चुकली तर पुढच्या दोन-तीन खुडण्या जातात.

नल्लतण्णीच्या संग्रहालयात जुनी यंत्रं आणि चालतं छोटं सीटीसी (क्रश, टीअर, कर्ल) यंत्र आहे. गर्दीत ढकलले जाऊ नका, शेवटून दुसऱ्या गटात रहा म्हणजे विचारता येतं. खुडलेल्या पानात पाऊण हिस्सा पाणीच असतं. म्हणून साधारण साडेचार किलो पानांतून एक किलो चहा निघतो. आधी पानं लांब कुंडांवर पातळ पसरून खालून हवा सोडतात, बारा ते अठरा तास. ती मलूल होतात. हा टप्पा घाईने उरकला तर पुढे दाणा नीट बांधत नाही. पानं पोत्यात दाबून तासन् तास ठेवली तर आतून तापतात आणि तिथेच लाल होऊ लागतात, जसा घडांचा ढीग ट्रकमध्ये तापून वाटेतच पिकतो तसं. आपल्या केळीला सावद्याहून दिल्लीपर्यंत जायची सवड आहे. चहाच्या पानाला नाही, म्हणूनच कारखाना मळ्याच्या मध्यावर असतो.

मग सीटीसी. दातेरी पोलादी रुळांच्या जोड्या, एक रूळ संथ, दुसरा त्याच्या दसपट वेगाने. पान त्यांच्यामधून तीन-चार जोड्यांतून जातं. चिरडतं, फाटतं, वळतं, आणि रस बाहेर येऊन दाण्यावरच चढतो. पुढे तासाभरात हवेतल्या प्राणवायूने हिरव्याचा तांबूस होतो. ह्याला आंबवणं म्हणायची पद्धत आहे, पण इथे जिवाणूंचं काम नाही. चिरलेलं वांगं काळं पडतं तीच क्रिया. भरताच्या वांग्याच्या मुलखात हे सांगायला फोड लागत नाही. वेळ कमी पडला तर चहा हिरवट कच्चा लागतो, जास्त झाला तर रंग येतो पण जिभेवरची ती तरतरी जाते. शेवटी गरम हवेने वाळवून ओलावा तीन टक्क्यांवर आणतात. मग चाळण्या.

आणि चाळण्यांपाशी एक गैरसमज सोडून यावा. डस्ट म्हणजे झाडलोटीचा कचरा नव्हे. ती सगळ्यात बारीक चाळणीतून पडलेली प्रत आहे. बीओपी, पीएफ, एसआरडी ही प्रतींची अक्षरं आधी आकार सांगतात, गुणवत्ता नंतर. चांगल्या पानाची डस्ट वाईट पानाच्या मोठ्या दाण्यापेक्षा सरस असते. खोटं काय ते ओळखायचं असेल तर घरी पांढरा टिपकागद ओला करून त्यावर पत्ती भुरभुरवावी, थोड्या वेळाने झटकून कागद धुवावा. गडद डाग राहिले तर रंग घातलेला आहे. लोहचूर लोहचुंबकाने कळतो.

दुसरा प्रकार ऑर्थोडॉक्स. पान न फाडता नुसतं वळतात, म्हणून कोरड्या चहात पानाचे वळलेले तुकडे ओळखू येतात. मुन्नारच्या दुकानांत सगळ्यात जास्त चुकीची खरेदी ह्याचीच होते. महागाचं पाकीट घरी आणून आलं-दुधात उकळायचं आणि मग ‘रंगच येत नाही’ म्हणायचं. त्याला दूध नको, उकळी नको. वाटीभर, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे मिली, नुकत्या उकळलेल्या पाण्यात दोन-अडीच ग्रॅम, झाकून तीन-चार मिनिटं, गाळून लगेच प्यायचा. घरात तसा पिणारा एकच असेल तर शंभर ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. बाकीच्यांसाठी सीटीसी घ्यावा आणि त्यावरची उत्पादनाची तारीख वाचावी.

शनिवार एराविकुलमसाठी, पण हे उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये निलगिरी तहर ह्या डोंगरी शेळीच्या विणीसाठी बंद असतं, ते विचारूनच जावं. समोर दिसतो तो आनामुडी, २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते; मोठा बहर २०१८ ला होऊन गेला, पुढचा २०३० ला. मधल्या वर्षी ‘कुरिंजी दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

रविवारी खाली उतरल्यावर मसाल्यांची खरेदी, कारण आता सांगतो. चहा वास ओढून घेतो. वेलदोड्याशेजारी चार दिवस बॅगेत राहिलेलं चहाचं पाकीट घरी वेलची चहा होऊन पोचतं, आणि मिरीशेजारचं त्याहून वाईट. म्हणून मसाले शेवटी, वेगळ्या पिशवीत, आणि चहा डब्यात घट्ट. वेलदोडा फारच हिरवागार दिसला तर ओल्या पांढऱ्या रुमालावर चोळून बघावा, रंग सुटतो का. मिरीचे दाणे पाण्यात टाकावेत; पोकळ दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात. केळीचे वेफर नेंद्रन जातीचे घ्यावेत. आपली ग्रँड नैन कच्ची तळली तर पातळ कुरकुरीत होते. नेंद्रनमध्ये पिठूळपणा जास्त, म्हणून काप जाड आणि खोबरेल तेलात तळलेले. पाकीट उघडून वास घ्यावा: खोबरेल खवट झालं असेल तर नाकाला आधी कळतं. घरी आणल्यावर तीन आठवड्यांच्या आत संपवावेत.

मंगळवारी घरी येऊन मुन्नारचा ऑर्थोडॉक्स केला की बहुतेकांचा हिरमोड होतो. वर पितळी-नारिंगी झळकत होता तो इथे तपकिरी, मळकट, वर तेलकट साय. पाकीट बदललेलं नसतं. मुन्नारच्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि ओढ्याचं ते पाणी मऊ असतं. आपल्या बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, चुना-क्षारांनी जड. तो क्षार चहातल्या रंगद्रव्याशी बांधला जातो आणि वर साय धरतो. दुधाच्या चहात हे झाकून जातं, कोऱ्या चहात झाकत नाही. एका पेल्यात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओ फिल्टरचं, दोन्हींत मोजून सारखी पत्ती आणि सारखी मिनिटं, असे दोन कप शेजारी ठेवून बघावेत. फरक खिडकीच्या उजेडात लांबून दिसतो. फिल्टरचं पाणी उकळल्यावर अर्धं मिनिट थांबून ओतलं तर मुन्नारच्या बरंच जवळ जाता येतं.